पणजीतली साडेसात हजारांची चामड्याची बॅग: घ्यावी की नको?

म्हापशाच्या एक ताई रोज स्कूटरने पणजीला ऑफिसला जातात. पणजीत एका स्थानिक डिझायनरच्या दुकानात त्यांनी 'हातशिलाई'ची लॅपटॉप बॅग पाहिली. किंमत ७,५०० रुपये. त्याच आठवड्यात कळंगुटला रस्त्याकडेच्या दुकानात जवळपास तशीच बॅग १,८०० रुपयांना दिसली. त्या विचारतात, एवढा फरक कशाचा? आपण नुसत्या नावाचे पैसे मोजतोय का? गोव्याच्या पावसात ती टिकेल का? शिवाय वडिलांसाठी एक पाकीट घ्यायचं आहे, त्यात काय बघायचं?

आधीच सांगून टाकतो, मी फोंड्याला हेच काम करतो. एकोणीस वर्षं झाली. पहिले धडे कोल्हापूरला वहाणा शिवणाऱ्या एका उस्तादांकडे गिरवले, मग पाच वर्षं धारावीत बॅगांच्या कारखान्यात काढली आणि शेवटी घरी परतलो. म्हणजे माझा धंदाही हाच आहे, तेव्हा माझं म्हणणं थोडं पारखूनच घ्या.

१,८०० ची बॅग तशीच 'दिसते' एवढंच खरं. हिशोब मांडून बघू. तुम्ही सांगता त्या मापाच्या बॅगेला आठ चौरस फूट चामडं लागतं. जनावराचं चामडं काही कापडासारखं सरळ चौकोनी नसतं. पोटाकडचा ढिला भाग, मानेच्या सुरकुत्या, काट्यांचे ओरखडे, गोचिडांचे डाग वगळत कापावं लागतं, म्हणून आठ फुटांसाठी दहा-अकरा फूट घ्यावं लागतं. मी वापरतो त्या प्रतीचं चामडं मला सध्या फुटामागे १८० च्या आसपास पडतं. झाले १,९०० रुपये, आणि अजून सुईसुद्धा उचललेली नाही. पितळी सामान, चेन, अस्तर, दोरा, चिकटवायचं सोल्यूशन मिळून ९०० धरा. कापणं, कडा तासणं, शिवणं, घोटणं यात बारा तास जातात. तासाला १५० रुपये मजुरी धरली तर १,८००. दुकानभाडं, वीज आणि बिघडलेले तुकडे यांचे सहाशे. बेरीज झाली ५,२००. माल दुसऱ्याच्या दुकानात ठेवला तर तो विकणारा किमतीच्या तीस-चाळीस टक्के घेतो. ७,५०० मधून तीस टक्के गेले की उरतात ५,२५०.

म्हणजे मजुरी सोडली तर करणाऱ्याच्या हाती पन्नास रुपये! त्यामुळे दोन शक्यता उरतात. एक तर ब्रँड स्वतःच्याच दुकानात विकतोय आणि दुकानदाराचा वाटा त्याच्या घरातच राहतोय. नाही तर बॅगेचं अंग मशीनवर शिवलंय आणि हातशिलाई फक्त पट्ट्याला नि मुठींना आहे. दुसऱ्या शक्यतेने दचकू नका. जाड चामड्याच्या मशीनवर नीट शिवलेली बॅग दहा वर्षं आरामात चालते, मी स्वतः तशा शिवतो. फक्त दुकानदाराने तसं सांगायला हवं. 'यातलं हाताने काय शिवलंय आणि मशीनवर काय?' एवढं विचारा. खरा कारागीर असेल तर बोट ठेवून दाखवेल. 'सगळं हँडमेड आहे मॅडम' असं घाईघाईत उत्तर आलं तर बॅग उलटी करून बघायला लागा.

आणि १,८०० ची? त्या पैशांत माझं चामडंच येतं. मग ती बॅग कशाची असेल, हे वेगळं सांगायला नको.

आता बघायचं कसं ते. बहुतेक लोक बॅग हातात आली की आधी वास घेतात. वासावर जाऊ नका, चामड्याच्या वासाचा फवारासुद्धा बाजारात मिळतो. आतला तो शिक्काही सोडून द्या. 'जेन्युइन लेदर' म्हणजे कुठल्या तरी थराचं चामडं आहे एवढंच, प्रत त्यातून कळत नाही. म्हशीचं कातडं चार-पाच मिलिमीटर जाड असतं, कधी त्याहूनही जाड. यंत्रावर ते आडवं चिरून थर काढतात. सगळ्यात वरचा, केसांकडचा थर तंतूंनी घट्ट विणलेला असतो. तो तसाच राखला की फुल ग्रेन. वरून घासून, रंगाचा थर चढवून ठसा मारला की डाग झाकले जातात, पण बळ थोडं कमी होतं. खालच्या थराला स्प्लिट म्हणतात. त्यावर प्लॅस्टिकचा पापुद्रा चढवला की तो चकचकीत होतो आणि 'जेन्युइन' म्हणूनच विकला जातो. चामड्याचा चुरा गोंदाने थापून केलेला प्रकारही असतो. दोन पावसाळ्यांत त्याचे पोपडे सुटतात.

हे सगळं ओळखायची जागा एकच, कापलेली कड. पट्ट्याची कड डोळ्यांजवळ धरा. चामडं असेल तर वरपासून खालपर्यंत एकसंध तंतू दिसतील, वर दाट आणि खाली जरा मोकळे. मध्येच कापडाची सरळ रेघ दिसली की ते रेक्झिन. वर पातळ पापुद्रा आणि खाली भुसभुशीत थर असेल तर स्प्लिट. बऱ्याच बॅगांत कड रंगाने झाकलेली असते. रंग लावणं वाईट नाही, चांगला रंग चार-पाच हात देऊन, प्रत्येक वेळी घासून चढवतात. तशा ठिकाणी पट्टा हळूच दुमडा आणि रंगाला चीर जाते का बघा. नवी असतानाच चीर गेली तर सहा महिन्यांत तो रंग रबरासारखा सोलून निघेल. घोटलेली कड वेगळी. ती पाणी, मेण आणि लाकडी घोटणीने घासून घासून बंद करतात. अंगठ्याचं नख तिच्यावरून फिरवा. चिंचोक्यासारखी लागली पाहिजे, कुठे अडकता कामा नये. माझ्याकडे काम शिकायला येणाऱ्या मुलांना पहिले तीन महिने मी फक्त कडाच घोटायला देतो. कंटाळतात बिचारी. पण आळस पहिल्यांदा दिसतो तो तिथेच. कड नीट असलेल्या बॅगेची बाकीची कामं सहसा नीट असतात.

कडा दुमडून आत घेतल्या असतील तर आतल्या कप्प्यात बोट घाला. कार्डाच्या खणाचं तोंड, चेनच्या खालची बाजू, अस्तर सुटं असेल ती जागा. कुठे तरी कापलेलं चामडं उघडं सापडतंच.

शिलाईबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण पैसे त्याचेच मागतात. खऱ्या हातशिलाईत एकच दोरा असतो, त्याच्या दोन टोकांना दोन सुया. आरीने पाडलेल्या प्रत्येक भोकातून दोन्ही सुया समोरासमोरून जातात. दोरा शिवणीच्या चौपट लांबीचा घ्यावा लागतो, त्याला मेण ओढलेलं असतं. एक टाका तुटला तरी त्याच भोकातून गेलेला दुसरा पदर शिवण धरून ठेवतो. मशीनच्या शिवणीत वरचा आणि खालचा असे दोन दोरे मध्यात एकमेकांत अडकलेले असतात. एक तुटला की शिवण हळूहळू उसवत जाते. तुमच्या बॅगेला चार मीटर शिवण धरली आणि चार मिलिमीटरला एक टाका, तर झाले हजार टाके. सरावलेला हात मिनिटाला चारेक घालतो. म्हणजे चार तास नुसत्या टाक्यांचे, भोकं पाडायचा वेळ वेगळा.

हातशिलाई ओळखायची तर दोन्ही बाजू बघा. टाके किंचित तिरपे, दोन्हीकडून भरीव आणि सारखे दिसतात. शिवण संपते तिथे दोन-तीन टाके उलटे घेऊन दुहेरी केलेले असतात, गाठ कुठेच दिसत नाही. टाका फार बारीक असला की लोक खूश होतात, पण बॅगेच्या बाबतीत ती चूकच आहे. भोकं जवळजवळ आली की टपाल तिकिटांच्या पानासारखं होतं, ताण पडला की चामडं त्याच रेषेत फाटतं. पाकिटाला तीन मिलिमीटर, बॅगेला चार ते पाच, हे बरोबर.

सगळ्यात जास्त ताण येतो तो पट्टा बॅगेला जोडलेल्या जागी. तुम्ही स्कूटरवर बॅग तिरकी अडकवता, रस्त्यावरच्या प्रत्येक खड्ड्याला लॅपटॉप एकदा उडतो आणि तो हिसका त्या चार टाक्यांवर येतो. तिथे चौकोनी शिवण मध्ये फुली घालून मारलेली असावी. नुसती रिव्हेट, म्हणजे ठोकून बसवलेली धातूची खिळी, असेल तर मी घेणार नाही. शिवण आणि रिव्हेट दोन्ही असली तर उत्तम. आत अस्तराच्या मागे चामड्याचा आधाराचा तुकडा आहे का, हे बोटांनी चाचपता येतं.

बॅग रिकामी उचलूनही बघा. दोन मिलिमीटर जाडीचं आठ फूट चामडं सव्वा किलोच्या पुढे जातं, त्यात पितळ मिळवलं की दीड किलो. वर लॅपटॉप, चार्जर, डबा आणि पाण्याची बाटली. जाड चामडं म्हणजे चांगलं चामडं अशी एक समजूत आहे, खांदा मात्र ती समजूत पाळत नाही. लॅपटॉप बॅगेला दीड ते पावणेदोन मिलिमीटर पुरतं. कंबरपट्टा घ्याल तर साडेतीन-चार हवं.

आता पितळेचं. इथे मी स्वतः तोंडघशी पडलोय. धंद्याच्या दुसऱ्या वर्षी एका पुरवठादाराने 'सॉलिड ब्रास' म्हणून बक्कलं दिली. स्वस्त पडली म्हणून मीही फार खोलात गेलो नाही. चाळीस कंबरपट्टे विकले. कांदोळी, कोलवा या किनाऱ्याकडच्या गिऱ्हाइकांचे पट्टे वर्षभरात परत यायला लागले. वरचा मुलामा फुगून गेलेला, खाली करडा जस्ताचा धातू, आणि त्याचा डाग चामड्यावर उतरलेला. खारी हवा मुलाम्याला माफ करत नाही. सगळी बक्कलं पदरच्या पैशाने बदलून दिली. तेव्हापासून खिशात लहान लोहचुंबक ठेवतो. चिकटलं तर आत लोखंड आहे. पण जस्तालाही चुंबक चिकटत नाही, म्हणून एवढ्यावर भागत नाही. वजन बघा, बक्कलाच्या मागची न घासलेली बाजू बघा. भरीव पितळ आतबाहेर एकाच रंगाचं असतं, आणि काळं पडलं तरी घासलं की पुन्हा उजळतं. चेन दहा वेळा उघडबंद करा, कोपऱ्यावरून रनर वळताना अडता कामा नये. बॅगेत आधी मरते ती चेनच.

पावसाचं म्हणाल तर इथे माझं मत पुष्कळ डिझायनरांना रुचणार नाही. हल्ली दुकानांत व्हेज-टॅन चामड्याचं फार कौतुक चालतं. झाडाच्या साली, हिरडा, बाभूळ यांच्या अर्कात आठवडेच्या आठवडे मुरवलेलं हे चामडं. कोल्हापुरी वहाणेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तिचं चामडं याच जातीचं. सुंदर असतं, वापरून वापरून मधासारखा रंग धरतं. पण त्यावर पावसाचा थेंब पडला की डाग राहतो, आणि बुरशीला ते फार आवडतं. क्रोमच्या क्षारात मुरवलेलं चामडं एक-दोन दिवसांत तयार होतं, मऊ राहतं, पाण्याला जास्त दाद देत नाही. जगात बहुतांश चामडं असंच बनतं. रंग न लावलेल्या जागी, कडेच्या आत, ते निळसर करडं दिसतं. कारखान्याने सांडपाण्याची व्यवस्था नीट केली नाही तर क्रोमने नदी-नाल्याचं वाटोळं होतं, हे खरंच आहे, आणि तेवढ्यासाठी तुम्ही व्हेज-टॅन निवडलंत तर माझं काही म्हणणं नाही. पण म्हापसा-पणजी रोज स्कूटर, तीही जुलैत? मी बॅग क्रोमची घेईन, नाही तर तेल-मेण मुरवलेल्या चामड्याची, जी दुमडली की घडीच्या जागी रंग फिका पडतो. व्हेज-टॅन ठेवेन पाकिटाला नि कंबरपट्ट्याला. दुकानात विचारा, एखादा सुटा तुकडा असेल तर त्यावर ओलं बोट टेकवा. लगेच गडद झालं नि पाणी आत गेलं तर ती बॅग रेनकोटच्या आत घालूनच फिरवावी लागेल.

दर ऑगस्टमध्ये माझ्याकडे तीच बॅग येते, फक्त माणूस वेगळा. मे महिन्यात हौसेने घेतलेली, दुकानाच्या प्लॅस्टिक पिशवीसकट कपाटात वरच्या खणात ठेवलेली, गणेश चवथीच्या साफसफाईत खाली काढलेली. उघडली की आत पांढरी-हिरवी लव. प्लॅस्टिकमध्ये चामड्याला हवा लागत नाही आणि गोव्यातला दमट पावसाळा बाकीचं काम करतो. बॅग जुन्या सुती उशीच्या खोळीत ठेवा, आत जुनी सुती साडी भरा म्हणजे आकारही राहतो. आणि मुख्य म्हणजे वापरा. रोज हाताळलेल्या बॅगेला बुरशी लागलेली मी क्वचितच पाहिलीय. लागलीच, तर घराबाहेर नेऊन मऊ ब्रशने झाडा, पांढरं व्हिनेगर नि पाणी सारखं घेऊन त्यात कापड भिजवून घट्ट पिळा, हलकेच पुसा, सावलीत पंख्याखाली वाळवा. उन्हात नाही, हेअर ड्रायर तर नाहीच. एका गृहस्थांनी फेणीने पुसली होती. बुरशी गेली, रंगही गेला, आणि बॅगेला वर्षभर काजूचा वास राहिला.

खोबरेलही नको. आपल्याकडे केसांपासून बिजागरीपर्यंत सगळ्याला खोबरेल चालतं, पण चामड्यात ते काळपट डाग पाडतं, चामडं ढिलं करतं आणि पुढे खवट होतं. मृगाच्या आधी एकदा आणि दसऱ्यानंतर एकदा, मटाराएवढं लेदर कंडिशनर कापडावर घेऊन फिरवलं की पुरे.

स्थानिक ब्रँडकडून घेण्यात मला सगळ्यात मोठा फायदा दिसतो तो दुरुस्तीचा. ज्याने शिवली तो एका कदंब बसच्या, म्हणजे आपल्या सरकारी बसच्या, अंतरावर आहे. म्हणून घासाघीस करायचीच असेल तर पैशांत करू नका. ती हणजुणेच्या बुधवारच्या बाजारात ठीक, तिथे भाव त्या हिशोबानेच सांगतात. इथे बोला ते दुरुस्तीबद्दल. चेन गेली तर बदलून देता का, किती पैसे घेता, पट्टा जोडलेली जागा उसवली तर? बिलावर लिहून घ्या. दोन वर्षं शिवण मोफत एवढं जरी लिहून दिलं तरी त्या साडेसात हजारांना अर्थ आहे. 'आम्ही डिझाइन इथे करतो, माल बाहेर बनतो' असं कोणी सांगितलं तर तो गुन्हा नव्हे. माझंही चामडं चेन्नई-कानपूरकडूनच येतं. पण मग दुरुस्ती कोण करणार, हे नक्की विचारा. प्राडा या इटलीच्या बड्या फॅशन ब्रँडने जून २०२५ मध्ये मिलानच्या शोमध्ये कोल्हापूरचं नाव न घेता कोल्हापुरीसारख्या चपला दाखवल्या तेव्हा केवढा गदारोळ झाला! करणाऱ्याचं नाव घ्यायचं नाही ही खोड मोठ्या नावांचीच असते असं नाही, पणजीतही आहे.

जनावर कुठलं हेही सरळ विचारा, अस्तरासकट. गाय, म्हैस, बकरी, डुक्कर, कोणाला काय चालतं हे घरोघरी वेगळं असतं आणि विकणाऱ्याने न चिडता उत्तर द्यायला हवं. किनाऱ्यावर कोणी 'खऱ्या अजगराचं' म्हणून काही दाखवलं तर हात लावू नका. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा आहे, आणि तो गिऱ्हाइकालाही लागतो. बहुधा तो बकरीवर मारलेला ठसाच असतो म्हणा.

वडिलांच्या पाकिटासाठी घरून पाचशेची कोरी नोट घेऊन जा. ती १५० मिलिमीटर लांब आणि ६६ रुंद असते. बाहेरच्या देशांतले नमुने बघून कापलेली पाकिटं इथे बरीच मिळतात, त्यांत शंभराची नोट बसते आणि पाचशेचं टोक दुमडतं. नोट घालून पाकीट मिटा, मग बघा. कार्डाचे खण नवीन असताना घट्टच हवेत, चामडं सैल होतंच. सहज जाणारं कार्ड वर्षभरात आपोआप बाहेर पडेल. चामडं एक मिलिमीटरच्या आसपास, आतले खण त्याहून पातळ तासलेले. वडील पाकीट मागच्या खिशात ठेवून बसत असतील तर जाड कड घेऊ नका, कंबर दुखते. नाव कोरून हवं असेल तर व्हेज-टॅन घ्या, त्यावर ठसा चांगला उठतो.

तुम्ही पाहिलेली बॅग कड, पट्ट्याची जोड नि चेन या तिन्हींत उतरली आणि दुरुस्तीचं लिहून मिळालं, तर घ्या. मापात बदल करून हवी असेल तर निम्मे पैसे आगाऊ मागतील, ते रास्त आहे. चामड्याचा तुकडा आधी बघून, त्यावर सही करून तो स्वतःजवळ ठेवा, म्हणजे नंतर रंगावरून वाद नको. जून-जुलैत कारागिराला वेळ असतो, नोव्हेंबरपासून पर्यटकांची झुंबड उडाली की तो तुमचा फोनही उचलणार नाही. मात्र पावसात सोल्यूशन आणि कडेचा रंग वाळायला वेळ लागतो, आठवडाभर जास्त द्या. आणि चवथीच्या आधी हवी असेल तर आत्ताच सांगून टाका. त्या आठवड्यात गोव्यात सुई हातात धरणारा माणूस सापडायचा नाही. मी तर गणपतीच्या डोक्यावरची फळाफुलांची माटोळी बांधत असेन.